कोनाड्याच्या मापाचा स्टोव्ह नको, खोलीच्या मापाचा हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या घरात विटांची उघडी फायरप्लेस आहे. तिचा कोनाडा समोरून ८० सेंटिमीटर रुंद, ६८ उंच आणि ४० खोल. खोली ५ बाय ४ मीटरची, छत २.७ मीटरवर. उघड्या आगीत लाकूड भसाभस जळतं, पण खोली काही तापत नाही, म्हणून त्या कोनाड्यात लाकडाचा छोटा स्टोव्ह बसवायचा आहे. दुकानदाराने ८ किलोवॉटचा दाखवला. कोनाड्यात चपखल बसतो, वर 'नंतर कमी पडला असं व्हायला नको' हेही सांगितलं. तर तो घ्यावा का, आणि त्याचा पाइप जुन्या धुराड्यात नुसता वर सोडला तर चालेल का?

हे स्टोव्ह बसवणं आणि धुराडी साफ करणं हा माझा वीसेक वर्षांचा धंदा आहे. तेव्हा आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. ८ किलोवॉटचा घेऊ नका. तुमच्या खोलीला ४ पुरेल, फार तर ५. पाइप नुसता वर सोडून चालणार नाही, तो बहुधा थेट धुराड्याच्या टोकापर्यंत न्यावा लागेल. आणि अमुकच मॉडेल घ्या असं मी सांगू शकत नाही, कारण ज्यावर सगळं अडून आहे त्या धुराड्याबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही. तुमची चूक नाही त्यात. सगळे कोनाड्याचंच माप पाठवतात, कारण डोळ्यांसमोर तोच असतो.

(स्टोव्ह म्हटलं की आपल्याकडे अजून पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह आठवतो. इथे म्हणतोय ती बंद दाराची, काच लावलेली लोखंडी पेटी. आत लाकूड जळतं आणि धूर पाइपातून बाहेर जातो.)

उघड्या फायरप्लेसचं दुखणं आधी नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. उघड्या आगीची जेमतेम दहा ते वीस टक्के उष्णता खोलीत येते, बाकीची सरळ धुराड्यातून वर. त्यावर कडी म्हणजे ती आग तासाला काहीशे घनमीटर हवा ओढून घेते. ही हवा कोणती? तुम्हीच तापवलेली. तिची जागा भरून काढायला दारंखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत घुसते. म्हणून आगीसमोर बसलं की गुडघे भाजतात आणि पाठ गारठते. बंद स्टोव्हला त्याच्या कैक पटींनी कमी हवा लागते, आणि लाकडातली सत्तर-ऐंशी टक्के उष्णता तो खोलीला देतो. म्हणजे उघड्या आगीच्या एक तृतीयांश लाकडातही तुमची खोली आजच्यापेक्षा उबदार होईल. हा हिशेब डोक्यात ठेवा, कारण 'आत्ता एवढं लाकूड जाळूनही भागत नाही, तर स्टोव्ह मोठाच हवा' हा विचार नेमका इथेच चुकतो.

आता खोलीचं गणित. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची: ५ × ४ × २.७ म्हणजे ५४ घनमीटर. या धंद्यात एक ढोबळ आडाखा वापरतात: साधारण बऱ्या घरासाठी घनमीटरना १४ ने भागायचं. ५४ भागिले १४ म्हणजे ३.९ किलोवॉट. भिंती उघड्या, खिडक्या एकेरी काचेच्या, छतावर काहीच आच्छादन नाही, असं घर असेल तर १० ने भागा, ५.४ येतात. नव्या पद्धतीचं, भिंतींत आणि छतात उष्णतारोधक थर भरलेलं घर असेल तर २५ ने भागा, दोनच्या थोडं वर येतं. बघा, तीच खोली, पण उत्तर दोनपासून साडेपाचपर्यंत कुठेही. म्हणून तुमच्या भिंती कशा आहेत, खोलीचं दार बंद असतं की पुढच्या खोलीत सताड उघडं, हे तुम्हालाच बघायचं आहे. पण या आडाख्याला कितीही ताणलं तरी आठ काही येत नाहीत.

पाटीवरचा आकडा काय सांगतो तेही बघू. '५ किलोवॉट' ही कमाल मर्यादा नसते. प्रयोगशाळेत ठरावीक वजनाचं लाकूड ठरावीक वेळाने घालून जी सरासरी मिळते, ती तिथे लिहितात. २० टक्के ओलाव्याच्या एक किलो लाकडात साधारण ४ किलोवॉट-तास ऊर्जा असते. स्टोव्हने त्यातली ७५ टक्के खोलीला दिली, तर तासाला एक किलो लाकूड म्हणजे ३ किलोवॉट. पाचासाठी तासाला दीड-पावणेदोन किलो. मनगटापेक्षा जरा जाड अशा दोन ढलप्या, बस. थंडी जास्त असेल तेव्हा तुम्ही अर्थातच थोडं जास्त लाकूड घालाल आणि पाचाचा स्टोव्ह सहा-सात देईल. थोडक्यात, छोटा स्टोव्ह वर ताणता येतो. मोठा खाली दाबता येत नाही, आणि खरी ग्यानबाची मेख इथेच आहे.

सुरुवातीच्या वर्षांतला माझाच घोळ सांगतो. तुमच्यासारखीच खोली, तुमच्यासारखाच कोनाडा, आणि मी हौसेने ९ किलोवॉटचा स्टोव्ह बसवून दिला. दिसायला झकास. दोन महिन्यांनी फोन आला: काच रोज काळी होते, आणि चौथऱ्यावर तपकिरी डाग पडतायत. जाऊन बघतो तर हवेची कळ पूर्ण बंद. का, तर पाऊण तासात खोलीची भट्टी होते, मग दुसरं करणार काय? पाइपाचा सांधा सोडवला तर आतून डांबरासारखा काळा चकचकीत थर, नखाने उचलू म्हटलं तर उचलेना. सांध्यातून काढ्यासारखं तपकिरी पाणी ओघळत होतं आणि खोलीभर ओल्या धुराचा आंबूस वास. स्टोव्हमध्ये दोष काहीच नव्हता. दोष मापात होता, आणि माप माझं होतं. तो स्टोव्ह मी परत घेतला. त्या खोलीत आजही साडेचारचा चालतो.

हे होतं का? वाळलेलं लाकूड जळतं म्हणजे वजनाने त्याचा साधारण ऐंशी टक्के भाग आधी वायू होऊन बाहेर पडतो, निखारा होतो तो उरलेला. हे वायू नीट जळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि वरून ताजी, तापलेली हवा लागते. पेटी धगधगीत असेल तर काचेतून वरच्या बाजूला आडव्या ज्वाळा लोळताना दिसतात, ते वायूच जळत असतात. हवा कोंडली की पेटी निवते, वायू न जळताच धूर होऊन वर जातात आणि धुराड्याच्या गार भिंतींवर चिकटून बसतात. त्यालाच क्रिओसोट म्हणतात. हा थर साठत गेला की एखाद्या दिवशी धुराडंच आतून पेट घेतं. आत हजार अंशांच्या वर तापमान जातं, विटांना तडे जातात, शेजारची तुळई पेटू शकते. ज्याने तो आवाज एकदा ऐकलाय तो विसरत नाही, मालगाडी घरातून गेल्यासारखा. म्हणून छोट्या पेटीत मोकळी, जोमदार आग हवी. मोठ्या पेटीत गुदमरलेली नको. माझ्या अनुभवात चांगला स्टोव्हही आपल्या आकड्याच्या निम्म्याखाली स्वच्छ जळत नाही. ८ चा स्टोव्ह तुमच्याकडे हिवाळाभर निम्म्याखालीच चालेल.

आता धुराडं. स्टोव्हमध्ये इंजिन म्हणून काही असेल तर ते हेच. आतली गरम हवा हलकी, बाहेरची गार हवा जड, या फरकातून धुराड्याला ओढ मिळते. ती ओढ किती असते? बहुतेक स्टोव्हना सुमारे १२ पास्कल लागते, म्हणजे पाण्याचा सव्वा मिलिमीटरचा दाब. एवढ्याशा ओढीवर सगळा खेळ चालतो, त्यामुळे ती बिघडवायलाही फारसं काही लागत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न पाइप नुसता वर सोडण्याचा. उघड्या फायरप्लेसचं धुराडं मुद्दाम ऐसपैस बांधलेलं असतं, कारण त्याला धुराबरोबर ढीगभर हवाही न्यायची असते. समजा आतून ते २३ बाय २३ सेंटिमीटर आहे. म्हणजे ५२९ चौरस सेंटिमीटर. छोट्या स्टोव्हचा पाइप बहुधा १२५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे १२३ चौरस सेंटिमीटर. चौपटीहून मोठ्या पोकळीत तो धूर सोडला की त्याचा वेग चौथ्या हिश्शावर येतो. तो रेंगाळतो, निवतो, वर पोचेपर्यंत ओढ मरते, आणि भिंतींवर डांबर बसतं. उघड्या आगीला जे धुराडं छान चालत होतं तेच स्टोव्हला चालत नाही ते यामुळे. जुनं धुराडं असेल तर आणखी एक भानगड असते: आतल्या सांध्यांतला चुना गळून गेलेला असतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत हळूच धूर झिरपत असतो, तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय लायनरचा. स्टेनलेस स्टीलची दुपदरी लवचीक नळी स्टोव्हच्या तोंडापासून धुराड्याच्या टोकापर्यंत सलग सोडायची, खाली कोनाड्याच्या डोक्यावर धातूचा झाकणपत्रा बसवून बाकीची पोकळी बंद करायची, आणि वर टोपी. धुराडं बाहेरच्या भिंतीत असेल, म्हणजे तीन बाजूंनी गार वारा खात असेल, तर लायनरभोवती उष्णतारोधक वेष्टण किंवा वर्मिक्युलाइटसारखा भरावही हवाच. धुराडं घराच्या मधल्या भिंतीत असेल तर ते मुळात उबदार राहतं, तिथे थोडं सोपं जातं. पोलाद स्वस्तातलं ३१६ प्रतीचं मिळतं आणि महागातलं ९०४ प्रतीचं. रोज जाळणार असाल तर महागातलं घ्या. सुट्टीच्या दिवशीच पेटवणार असाल तर ३१६ चालून जाईल. मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, पैसे कमी पडत असतील तर स्टोव्ह साधा घ्या, पण लायनरमध्ये हात आखडू नका. स्टोव्ह अर्ध्या दिवसात बदलता येतो. लायनर बदलायचा म्हणजे पुन्हा छपरावर चढा.

उंचीचं म्हणाल तर स्टोव्हच्या माथ्यापासून धुराड्याच्या टोकापर्यंत निदान साडेचार मीटर असावेत. टोक छपराच्या कण्याखाली दबलेलं असेल तर वारा फिरला की धूर उलटा खोलीत येतो. वाटेत वळणं असतील तर ती उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त कललेली नकोत.

धुराड्याची प्राथमिक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. आग विझून दोन दिवस झाले की कोनाड्यात डोकं घालण्याऐवजी एक आरसा तिरका धरा आणि टॉर्च मारा. वर आकाशाचा तुकडा दिसला तर धुराडं सरळ आहे. नाही दिसला तर वळण आहे किंवा काहीतरी अडकलंय. पक्ष्यांची घरटी मी टोपलीभर काढली आहेत. मग एक उदबत्ती पेटवून कोनाड्याच्या वरच्या कडेशी धरा. धूर आत ओढला जातोय, जागीच घुटमळतोय की खोलीत येतोय, एवढं बघा. पुढचं काम साफसफाई करणाऱ्याचं: आधी ब्रशने स्वच्छ, मग धुराची चाचणी, गरज पडली तर कॅमेरा. हे झाल्याशिवाय स्टोव्हची ऑर्डर देऊ नका. क्रम म्हणून लक्षात ठेवायचं तर आधी धुराडं, मग खोलीचं गणित, मग कोनाड्याचं माप, आणि शेवटी दुकान. लोक नेमके उलटे जातात.

तर आता कोनाडा. तुम्ही ८० रुंद लिहिलंय, पण ते समोरून. मागच्या भिंतीशी टेप लावलाय का? माझी पैज आहे, तिथे ८० भरणार नाहीत. बऱ्याच जुन्या फायरप्लेसच्या बाजूच्या भिंती आत तिरक्या जातात आणि पाठ पुढे झुकलेली असते. त्याचं श्रेय काउंट रम्फर्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेंजामिन थॉम्पसनला जातं. १७९६ साली त्याने लिहून दाखवलं की कोनाडा उथळ केला, बाजू तिरक्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला तर धूर कमी होतो आणि धग खोलीकडे परतते. त्याच्या हिशेबात मागची भिंत समोरच्या तोंडाच्या एक तृतीयांशच रुंद असते! उघड्या आगीसाठी हे उत्तमच होतं. चौकोनी पेटी बसवायला मात्र तेच आडवं येतं.

म्हणून माप असं घ्या: रुंदी समोर आणि मागे, उंची लिंटेलच्या (कोनाड्याच्या तोंडावरच्या आडव्या तुळईच्या) खालच्या कडेपर्यंत, लिंटेल आतून किती खाली उतरलंय तेही, आणि कोनाडा किती खोल आहे ते खाली आणि वर वेगवेगळं. समजा मागे ५६ भरले. छोट्या स्टोव्हची सर्वसाधारण मापं ४५ रुंद, ५५ उंच, ३५ खोल अशी असतात. समोर दोन्ही बाजूंना साडेसतरा सेंटिमीटर मोकळे, म्हणजे ऐसपैस. मागे मात्र साडेपाच. वर १३. आणि कोनाड्याच्या खोलपणाच्या ४० मधून ३५ गेले की पाठीमागे पाच. कागदावर बसला. पण त्याच्याभोवती हवा खेळायला जागा कुठे आहे? स्टोव्ह खोली तापवतो तो निम्मा समोरच्या काचेतून आणि निम्मा अंगाला घासून वर जाणाऱ्या हवेतून. अंगाला विटा भिडल्या की ती उष्णता विटा पितात. प्रत्येक स्टोव्हच्या पुस्तिकेत किती मोकळी जागा ठेवायची ते लिहिलेलं असतं आणि ते पाळावंच लागतं. पण पुस्तिकेत काहीही असो, मी स्वतः बाजूंना पंधरा आणि वर वीस-पंचवीस सेंटिमीटर असल्याशिवाय खूश होत नाही. दुकानदाराचा 'चपखल' शब्द मला खटकतो तो यासाठी. चपखल बसायला तो काही कपाटाचा खण नाही.

जागा कमी पडली तर तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे कोनाडा ठोकून बघणं. पुष्कळदा मूळ मोठ्या कोनाड्यात नंतर कोणीतरी छोटा कोनाडा बांधून घेतलेला असतो. बाजूची वीट ठोकल्यावर पोकळ वाजली तर मागे जागा आहे. ते आतलं बांधकाम काढता येतं, पण वरचं लिंटेल नेमकं कशावर टेकलंय हे गवंड्याकडून पाहिल्याशिवाय हातोडा उचलू नका. दुसरी वाट म्हणजे धुराचं तोंड मागच्या बाजूला असलेला स्टोव्ह. बहुतेक छोट्या स्टोव्हना वर आणि मागे अशी दोन्ही तोंडं असतात, नको असलेलं बंद करतात. मागचं तोंड वापरलं की स्टोव्ह अर्धा बाहेर, चौथऱ्यावर ओढून ठेवता येतो आणि खोलीला ऊब जास्त मिळते. मात्र तो आडवा तुकडा पंधरा सेंटिमीटरपेक्षा लांब नको, आणि पुढे 'टी' आकाराचा जोड हवा, खालून झाकण उघडून काजळी काढता येईल असा. तिसरी वाट म्हणजे इन्सर्ट: पाय नसलेली, कोनाड्यात सरकवायची पेटी, भोवती पत्र्याची चौकट. दिसायला नीटनेटकी. पण तिची पाठ आणि बाजू विटांत गाडल्या जातात, त्यामुळे पंखा नसेल तर उष्णता आत अडकते, आणि वीज गेली की पंखा बंद. जागा असेल तर मी नेहमी पायांवर उभा राहणारा स्टोव्हच सुचवतो.

कोनाड्यात बसवायची लोखंडी पेटी ही कल्पना काही नवी नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७४४ साली नेमकी अशी पेटी लोकांपुढे मांडली होती. तिच्यात धुराला वर जाण्याआधी खाली उतरायला लावलं होतं, म्हणजे जास्त उष्णता काढून घेता येईल. डोकं चांगलं होतं, पण ओढ जमत नव्हती. धुराडं तापल्याखेरीज धूर खाली उतरायला तयार होत नसे. फ्रँकलिनलाही धुराड्याने सोडलं नाही, तिथे तुमची आमची काय कथा.

ऑर्डर देण्याआधी एक पोरखेळ वाटेल असं काम करा. ज्या स्टोव्हवर मन बसलंय त्याच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करा, वर पाइपाच्या जागी पुठ्ठ्याची नळी, आणि आठ दिवस कोनाड्यात ठेवून द्या. दार उघडतं तेवढी जागा समोर आहे का, राख काढताना ट्रे बाहेर येतो का, नळी चढवायला हात आत जातो का, सगळं तिथेच कळतं. हा हात जाण्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. लिंटेलच्या आत पाइपाचा स्क्रू पिळताना माझ्या बोटांची सालं निघाली आहेत.

चौथरा आणि मँटल (कोनाड्यावरची फळी) यांचं थोडक्यात सांगतो. चौथरा दगडाचा, फरशीचा किंवा काँक्रीटचा, दारापुढे निदान २२ ते ३० सेंटिमीटर आलेला हवा, काही ठिकाणचे नियम ४० च्या पुढेही मागतात. तुमच्याकडचा नियम बघून घ्या. वर लाकडी फळी असेल तर ती स्टोव्हपासून आणि पाइपापासून किती लांब हवी ते पुस्तिकेत असतं. पुस्तिकेत जे अंतर लिहिलंय ते लाकूड पेटायला येतं तेवढं नसतं. वर्षानुवर्षं शेकून लाकूड कमी तापमानालाही पेट घेऊ लागतं, ते धरून लिहिलेलं असतं. 'दहा वर्षं काही झालं नाही' या युक्तिवादाला म्हणूनच काही अर्थ नाही.

खुद्द स्टोव्ह निवडताना माझी पहिली नजर पेटीच्या लांबीवर जाते. छोट्या स्टोव्हमध्ये बहुधा २५ सेंटिमीटरचीच ढलपी मावते. तुमच्याकडे सरपण ४० च्या तुकड्यांत येत असेल तर प्रत्येक तुकडा पुन्हा कापावा लागेल, किंवा मग तिरका घालून काचेला टेकवाल आणि काच काळी कराल. रुंद, बुटकी पेटी अरुंद आणि उंच पेटीपेक्षा वापरायला बरी. बीड की पोलादाचा पत्रा, यावर लोक तास तास वाद घालतात. बीड सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, पत्रा लवकर तापतो. संध्याकाळी तीन तास बसायचं असेल तर पत्रा. दिवसभर आग ठेवायची तर बीड. छोट्या स्टोव्हमध्ये हा फरक लोक समजतात तेवढा मोठा नसतो. त्यापेक्षा दार बघा. काचेवरून वरून खाली तापलेली हवा सोडण्याची सोय हवी, तिच्यामुळे काच स्वच्छ राहते. मागच्या भिंतीत वरच्या अंगाला भोकांची रांग हवी, वायू जाळणारी हवा तिथून येते. दाराच्या कडेची दोरी तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर दार घट्ट बसत नाही. फक्त लाकूडच जाळायचं असेल तर जाळी नसलेली सपाट तळाची पेटी घ्या. लाकडाला खालून हवा लागत नाही, ते राखेच्या गादीवर उत्तम जळतं. शोरूममध्ये एवढंच करा: आतली बॅफल प्लेट (पेटीत वरच्या बाजूला धूर अडवणारी आडवी पाटी) स्वतः काढून पुन्हा बसवा. तिथे जमलं नाही तर घरी गुडघ्यावर बसून, काजळीच्या हातांनी अजिबात जमणार नाही.

हवेबद्दल एक गोष्ट कोणी विचारत नाही. स्टोव्हला तासाला पंधरा-वीस घनमीटर हवा लागते. स्वयंपाकघरातला धुरांचा पंखा तासाला तीनशेच्या वर खेचू शकतो. दोघं एका घरात, खिडक्या बंद, तर जिंकणार कोण? पंखाच. मग धुराडं उलटं वाहतं, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला ना रंग ना वास. घर घट्ट असेल तर स्टोव्ह कितीही छोटा असो, बाहेरून हवा येण्याची कायमची सोय ठेवा. काही स्टोव्हना थेट बाहेरून हवेची नळी जोडता येते, ती सर्वांत उत्तम. आणि त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. तो नसेल तर मी काम सोडून परत येतो, भांडणं झाली तरी.

लाकडाची सोय मात्र आजच करा. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचं असू शकतं. स्टोव्हमध्ये घालताना ते २० टक्क्यांच्या खाली हवं. ४० टक्के ओलाव्याचं लाकूड किलोला चारच्या जागी तीनाहून कमी किलोवॉट-तास देतं, आणि ते पाणी उकळवताना पेटी निवते. म्हणजे फिरून तीच काळी काच आणि तेच डांबर. मॉइश्चर मीटरच्या सुया ढलपीच्या टोकाला टोचू नका, टोक नेहमीच सुकं असतं. ढलपी ताजी फोडा आणि आतल्या अंगाला टोचा. फोडून, वरून झाकून आणि बाजू मोकळ्या ठेवून रचलेलं लाकूड वाळायला वर्ष ते दोन वर्षं घेतं, झाडाच्या जातीवर आहे. या हिवाळ्यापुरतं भट्टीत वाळवलेलं विकत घ्या.

तर आता मला एवढं कळवा: मागची रुंदी, धुराड्याची उंची, ते बाहेरच्या भिंतीत आहे की मधल्या, आणि उदबत्तीचा धूर कुठे गेला. त्यावरून ४ चा पुरेल की ५ चा लागेल ते सांगता येईल. बसवल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आगी अगदी छोट्या, मूठभर काटक्यांच्या ठेवा आणि खिडक्या उघड्या असू द्या. नवा रंग भाजताना उग्र वास सुटतो, थोडा निळसर धूरही दिसतो. त्या संध्याकाळी पाहुणे बोलावू नका.